बोर्ड फुकट होता म्हणून दादा 'नाही' म्हणू शकत होते

प्रति,
संयोजक मंडळ,
आपला पुण्यातला पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) समुदाय

विषय : नोकरीच्या जाहिरातींचा आपला जॉब बोर्ड सशुल्क करण्याच्या निर्णयाबाबत

स. न. वि. वि.

रविवारी रात्री साडेदहाला तुमचं परिपत्रक ग्रुपवर आलं, तेव्हा मी एका उमेदवाराचा कोड तपासत बसले होते. मुलगा जयसिंगपूरचा, आपल्याच बोर्डवरून आलेला. परिपत्रक तीनदा वाचलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नोकरीची एक जाहिरात तीस दिवस लावायला ६,००० रुपये अधिक जीएसटी, आणि ती सगळ्यात वर दिसायला हवी असेल तर १५,०००. इथवर ठीक, वाचत राहिले. पुढची ओळ अशी की नवी जाहिरात पहिले सात दिवस फक्त 'अर्ली अ‍ॅक्सेस' घेतलेल्यांना दिसेल, आणि तो तीन महिन्यांसाठी ४९९ रुपयांना मिळेल. शेवटी, 'पार्टनर' कंपन्यांना उमेदवारांची माहिती थेट शोधता येईल.

खाली पन्नासेक अंगठे.

उघड पत्र लिहिते आहे, कारण ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन मीम आणि कुणाच्या तरी वाढदिवसाखाली ते सोमवारी दुपारपर्यंत गाडलं गेलं असतं. शिवाय हा बोर्ड जितका मंडळाचा आहे तितकाच तो रोज सकाळी उघडून बघणाऱ्या, ग्रुपवर कधीच न बोलणाऱ्या पोरापोरींचा आहे. त्यांनीही हे वाचावं.

माझा काय संबंध, ते आधी सांगते. मी तासगाव तालुक्यातली. बी.सी.एस. करून २०१४ च्या जूनमध्ये पुण्याला आले आणि कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत पाच जणी, पाचही 'फ्रेशर'. पहिल्या महिन्यात नोकरी लावून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीने माझ्याकडून ३,००० रुपये रजिस्ट्रेशन म्हणून घेतले. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' असा जांभळा शिक्का होता. पैसे घरून मागवले होते. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, पुस्तकांसाठी म्हणाले होते. त्या तीन हजारांत दोन मुलाखती मिळाल्या. एक कॉल सेंटरची निघाली, आणि दुसऱ्या पत्त्यावर गेले तर शटरला कुलूप होतं.

सप्टेंबरात खोलीतली एक मैत्रीण मला आपल्या शनिवारच्या मीटअपला घेऊन आली. डेकोरेटर्स या पायथनमधल्या एका सोयीवर कुणीतरी बोलत होतं. मला ओ की ठो कळलं नाही. समोसा मात्र मिळाला आणि 'जॉब बोर्ड' नावाच्या गूगल शीटची लिंक मिळाली. त्या शीटमधली एक ओळ मला आजही पाठ आहे : 'ज्युनिअर पायथन डेव्हलपर, औंध, महिना १८,०००, बाँड नाही, मुलाखतीला कोड लिहायला लावू, लॅपटॉप आम्ही देऊ.' पगाराचा आकडा असलेली जाहिरात मी तोवर पाहिलीच नव्हती. ती नोकरी मला मिळाली. शीट उघडायला एक रुपया लागला नव्हता. ४९९ लागले असते तर त्या महिन्यात मी ती उघडली नसती. त्याआधीचे तीन हजार कुठे गेले ते अजून घरी सांगायचं होतं.

आज मी कोल्हापुरात सहा जणांची कंपनी चालवते. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो : दुधातलं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दहा दिवसांची बिलं. सहापैकी चौघं आपल्या बोर्डवरून आली. म्हणजे या बोर्डच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिले आहे. शिवाय मधे एक वर्ष, २०१८ मध्ये, दर रविवारी सकाळी, बोर्ड सांभाळणाऱ्या दादांच्या गॅलरीत बसून जाहिराती तपासायला मदतही केली. दादांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दादा म्हटलं की तुम्हाला कळतं.

ते काम कसं चालायचं हे मंडळातल्या नव्या लोकांनी पाहिलेलं नाही, म्हणून एक रविवार सांगते. चहा ठेवलेला. रांगेत एक जाहिरात : 'पायथन डेव्हलपर, अनुभव ० ते ५ वर्षे, पगार बेस्ट इन इंडस्ट्री.' दादांनी खालच्या नंबरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"साहेब, आकडा सांगा."

"डिपेंड्स ऑन कँडिडेट."

"खालचा सांगा आणि वरचा सांगा."

"दोन ते बारा लाख."

"हे एका माणसाचे आकडे नाहीत. दोन माणसं हवी असतील तर दोन जाहिराती द्या."

मग काम काय आहे ते विचारलं. पलीकडून बरीच प्रस्तावना झाली. दादा मधेच म्हणाले, "म्हणजे दिवसभर एक्सेल भरायचं आणि फाइलींची नावं बदलायला एक स्क्रिप्ट चालवायची, बरोबर? मग डेटा एंट्री लिहा. पण ती आमच्याकडे लागणार नाही." तो माणूस तापला, आम्ही दुसरीकडे जाऊ म्हणाला. दादा म्हणाले, "जरूर जा." फोन ठेवला आणि बिस्किट चहात बुडवलं.

या 'जरूर जा'साठीच हे सगळं पत्र आहे. ते इतक्या सहज तोंडातून निघालं, कारण दादांनी त्या माणसाचा चहासुद्धा घेतलेला नव्हता. उद्या त्याच माणसाला ७,०८० रुपयांचं जीएसटीसकट बिल दिलेलं असेल. मग जाहिरात नाकारायची म्हणजे पैसे परत करायचे, वाद घालायचा, पुढच्या परिषदेचा प्रायोजक दुखवायचा. आपल्यातलं कोण ते करेल? मी तरी रविवारी सकाळी करणार नाही. 'थोडी वर्डिंग बदलून द्या' म्हणून पुढे ढकलून देईन.

परिपत्रकात म्हटलंय की फी ठेवली की फालतू जाहिराती आपोआप गळतील. मला वाटतं उलट होईल. माझ्याकडून तीन हजार उकळणारी कन्सल्टन्सी सहा हजार हसत भरेल, दोन पोरांत वसूल करेल. सरळ धंदा करणाऱ्या रिक्रुटमेंट एजन्सीचंही तेच. आपल्याकडे त्यांचा रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे उमेदवाराचा एका महिन्याचा पगार. सहा लाखांचं पॅकेज लावून दिलं की सुमारे पन्नास हजार. त्यांना सहा हजारांची चाळण लागणार नाही. ती लागेल सांगलीच्या लॅबला, सहा महिन्यांसाठी प्रोजेक्ट असिस्टंट शोधणाऱ्या प्राध्यापिकेला, वेबसाइटसाठी आठ दिवसांचं काम देणाऱ्या वाचनालयाला. आणि माझ्यासारख्यांना, ज्यांची जाहिरात वर्षातून दोनदा येते आणि ज्यांच्याकडे एचआर नावाचं खातंच नाही. पहिली नोकरी बहुतेकांना अशाच ठिकाणी मिळते. मोठ्या कंपन्या कॅम्पसवर जातात, त्यांना आपला बोर्ड लागतो तो अनुभवी माणसं उचलायला.

आता ४९९ रुपयांबद्दल. माझे वडील द्राक्षं वाशीच्या बाजारात पाठवायचे. आठ दिवसांनी विक्रीच्या हिशेबाची पट्टी यायची. तीत हमाली, तोलाई, आडत कापून जे उरेल ते आमचं. माल आमचा, कष्ट आमचे, आणि विकून देणाऱ्याची आडतही आमच्याच पट्टीतून. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. आमच्या घरी मात्र कित्येक दिवस तोच विषय होता. ज्या राज्याने शेतकऱ्याच्या पट्टीतली ती ओळ पुसली, त्या राज्यातला संगणकवाल्यांचा समुदाय बेरोजगाराकडून आडत सुरू करतोय, हे मला पचत नाही. सात दिवस आधी दिसणं ही काही जास्तीची सोय नाही. ज्युनिअरच्या जाहिरातीला तीन दिवसांत दोनशे अर्ज येतात, मला स्वतःला आलेत. आठव्या दिवशी दिसणारी जाहिरात म्हणजे उठून गेलेली पंगत.

हा माझा एकटीचा हळवेपणा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ मध्ये खासगी रोजगार संस्थांविषयी जो करार केला, त्याचं सातवं कलम मूळ नियम म्हणून हेच सांगतं : काम शोधणाऱ्याकडून, थेट किंवा आडून, पूर्ण किंवा थोडीसुद्धा फी घ्यायची नाही. भारताने त्या करारावर शिक्कामोर्तब केलेलं नाही, त्यामुळे कायद्याचा बडगा मी दाखवत नाहीये. पण आपल्या सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्येसुद्धा नाव नोंदवायला पैसे लागत नव्हते. वडिलांनी ऐंशीच्या दशकात सांगलीला नाव नोंदवलं होतं, कार्ड अजून कपाटात आहे. कॉल एकदाच आला, तोही उशिरा. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवायला सांगितलं होतं. किती जण कळवायचे ते सोडा. निदान खिडकीवर कुणी 'अर्ली अ‍ॅक्सेस' विकत नव्हतं.

उमेदवारांची माहिती 'पार्टनर'ना द्यायची कल्पना तर मंडळाने विचार करून लिहिलीये असंच वाटत नाही. लोकांनी आपले रेझ्युमे दिले ते 'या जाहिरातीला अर्ज' म्हणून. फोन नंबर, गाव, आधीचा पगार, नोटीस पिरियड, सगळं त्यात आहे. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं मूळ सूत्र आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक गोष्ट उरते : ज्याच्या सध्याच्या कंपनीला कळायला नको की तो नोकरी शोधतोय, त्याची सध्याची कंपनीच उद्या आपली पार्टनर असेल.

आता तुमच्या बाजूचं. फुकट बोर्ड फुकट नव्हता, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. त्याची किंमत दादांचे रविवार होते. दोन वर्षांपूर्वी तब्येतीमुळे ते बाजूला झाले आणि तेव्हापासून रांग तुंबली. माझीच एक जाहिरात अकरा दिवस पडून होती. तुम्ही ग्रुपवर तीनदा स्वयंसेवक मागितले. तिन्ही वेळा मी अंगठा दिला आणि आले नाही. ही चूक माझी आहे, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांची. थकलेल्या माणसांनी 'मग पैसेच लावू' म्हटलं तर मी त्यांना लोभी म्हणणार नाही.

असं फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. पायथनच्या अधिकृत साइटवरचा, पायथन डॉट ऑर्गवरचा जॉब बोर्ड फुकट आहे, आणि तिथेही स्वयंसेवक जाहिरात वाचून मगच लावतात. कामात पायथन खरोखर आहे का ते बघतात. घरून काम चालेल का, एजन्सीने संपर्क केलेला चालेल का, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. तोही मधे बंद पडला होता आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. पाठीशी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन असून ही गत, तर आपली काय कथा. पण पैसे लावले म्हणजे बोर्ड टिकतो असंही नाही. कोड ठेवायच्या गिटहब साइटचा गिटहब जॉब्ज सशुल्क होता, ऑगस्ट २०२१ मध्ये बंद झाला. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटचा जॉब बोर्ड तर आपण सगळ्यांनी वापरला, तो मार्च २०२२ च्या शेवटी बंद झाला. धंद्याच्या गणितात बसेनासं झालं की दुकान आवरायचं, हा धंद्याचा रिवाज आहे आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. रुबी या दुसऱ्या भाषावाल्यांचं उदाहरण मला जास्त सरळ वाटतं : रुबीत वेबसाइट बांधायचं रुबी ऑन रेल्स ज्या ३७सिग्नल्स कंपनीत जन्मलं, त्यांनी २००६ मध्ये जॉब बोर्ड काढला, तो पहिल्यापासून सशुल्क. पण पैसे जाहिरात देणाऱ्याचे. वाचणाऱ्याला दार उघडं. शिवाय तो एका कंपनीचा बोर्ड होता, समुदायाच्या नावावर चालत नव्हता.

म्हणून हिशेब करू. महिन्याला साधारण चाळीस जाहिराती येतात. एक नीट तपासायला वीस मिनिटं धरली तर महिन्याचे तेरा-साडेतेरा तास. एखाद्या शिकणाऱ्या मुलीला महिना ८,००० रुपये देऊन हे काम सांगितलं तर वर्षाचे ९६,०००. साइट स्टॅटिक, म्हणजे नुसत्या तयार पानांची आहे, गिटहब पेजेस या सेवेवर फुकट बसते. उरला डोमेनचा खर्च. सगळं मिळून वर्षाला लाखभर. आणि चाळीस जाहिराती गुणिले सहा हजार म्हणजे महिन्याला २,४०,००० आणि वर्षाला २८,८०,०००. निम्म्या जाहिराती गळाल्या तरी चौदा लाखांच्या वर. ही रक्कम जाणार कुठे? परिपत्रकात 'समुदायाच्या सर्वांगीण विकासासाठी' असं लिहिलंय. अशी वाक्यं आमच्याकडे साखर कारखान्याच्या अहवालात असतात.

बोर्डचा कोड आपण दहा-बारा जणांनी लिहिला. जाहिरात पुल रिक्वेस्टने (म्हणजे थेट कोडमध्ये बदल सुचवून) यावी की फॉर्मने, यावर एक अख्खी संध्याकाळ भांडलो होतो, हे काहींना आठवत असेल. त्यातल्या एकालाही हा निर्णय घेण्याआधी विचारलं गेलं नाही. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

माझ्या मागण्या अशा :

नोकरी शोधणाऱ्याकडून कधीही, कशाच्याही नावाने पैसे घेऊ नयेत आणि प्रत्येक जाहिरात सगळ्यांना एकाच वेळी दिसावी. यात तडजोड नाही.

उमेदवारांची माहिती पार्टनरना देण्याची कलमं आजच मागे घ्यावीत. पुढे कधी करायचं असेल तर प्रत्येकाला वेगळं विचारून, आणि 'नाही' हे आधीच टिक केलेलं असावं.

प्रत्येक जाहिरातीत पगाराचा खालचा-वरचा आकडा, बाँड आहे की नाही, आणि काम कुठे, हे सक्तीचं असावं. आजोबा सांगायचे की सांगलीच्या पेठेत हळदीचे भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे आणि ज्याची हळद त्यालाच भाव शेवटी कळायचा. 'बेस्ट इन इंडस्ट्री' हा तोच रुमाल आहे. आकडा नसेल तर जाहिरात लावू नये, मग ती सर्वांत मोठ्या प्रायोजकाची का असेना.

फी घ्यायचीच तर एजन्सींकडून आणि शंभरावर माणसं असलेल्या कंपन्यांकडून घ्या. महिन्याला अशा दहा जाहिराती धरा, प्रत्येकी १,५०० रुपये. वर्षाचे १,८०,००० होतात, गरजेपेक्षा जास्त. बाकीच्यांना फुकट. 'सगळ्यात वर' हा प्रकार नको, तारखेने लावा. तपासणाऱ्याचा नकार शेवटचा असावा, आणि नाकारलेल्या जाहिरातीचे पैसे त्याच दिवशी परत जावेत. तपासणारी व्यक्ती आणि प्रायोजक आणणारी व्यक्ती एकच नसावी.

जमाखर्च दर तीन महिन्यांनी ग्रुपवर टाका. एक पान पुरे.

आणि एक तारखेची घाई करू नका. दोन महिने थांबा, एका शनिवारचं भाषण रद्द करा आणि हा एकच विषय ठेवा. डेकोरेटर्स कुठे पळून जात नाहीत.

माझ्याकडून काय, तेही लिहिते. माझी कंपनी वरच्या नियमात फुकटात बसते, तरी वर्षाचे ५,००० रुपये देईन, पावती चालेल. आणि महिन्यातले दोन रविवार जाहिराती तपासेन, कोल्हापुरातून, फोनवर. यावेळी अंगठा देऊन थांबणार नाही. पहिला रविवार येत्या आठवड्यातला धरा. आणखी तिघांशी बोलले आहे, दोघं हो म्हणाले, तिसरा लग्नाच्या गडबडीत आहे.

तोवर एक किरकोळ विनंती. रांगेत माझी जाहिरात गेले नऊ दिवस पडून आहे : ज्युनिअर पायथन डेव्हलपर, कोल्हापूर, महिना २८,००० ते ३२,०००, बाँड नाही, आठवड्यातून एक दिवस दूध संस्थेत पहाटे साडेपाचला हजर राहावं लागेल. त्यातली पहाटेची अट नीट ठळक दिसते की नाही, एवढं कुणीतरी बघा. मागच्या वेळी ती दिसली नव्हती आणि एक मुलगा दुसऱ्याच दिवशी सोडून गेला.

कळावे,

आपली,
शीटमधल्या एका ओळीवरून नोकरीला लागलेली एक सभासद
कोल्हापूर